तो हळू बोलायचा

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका मुलीच्या हळदीला साताऱ्याला गेले होते. कार्यालयामागच्या मोकळ्या जागेत मांडव, झेंडूच्या माळा, सगळ्यांच्या पिवळ्या साड्या, आणि हल्ली असतो तसा माइक हातात घेतलेला एक निवेदक. पोरगा तरतरीत होता. उखाणे घ्यायला लावत होता, म्हाताऱ्यांना नाचवत होता. नवरीला पाटावर बोलवायची वेळ झाली तेव्हा त्याने मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला, ओठ वाकडा करून घसा खरवडला आणि माइकमध्ये ओरडला, "बाईऽऽ, वाड्यावर या!" अख्खा मांडव हसला. नवरी हसली, नवरीची आई हसली. माझ्या शेजारी आत्या बसली होती. तिला आताशा ऐकायला कमी येतं, पण हे आलं. ती हसली नाही. पदराने हळदीचा हात पुसत माझ्याकडे वळून म्हणाली, "आसा वरडत न्हवता गं त्यो. त्यो हळू बोलायचा."

मग कुणीतरी तिला हळद लावायला नेलं आणि विषय तिथेच राहिला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. परतीच्या गाडीत, खंबाटकी उतरताना, पुढचे दोन दिवस स्वयंपाकघरात, मी तेच घोळवत होते. नक्कल केली म्हणून राग आला होता असं नाही. नक्कल म्हणजे आठवणच असते. ज्यांनी निळूभाऊंचा, म्हणजे नट निळू फुल्यांचा, एकही चित्रपट धड पाहिलेला नाही, त्या पोरांच्या तोंडीसुद्धा ते आहेत, याचं खरं तर बरं वाटायला हवं. मी त्या निवेदकाला नंतर विचारलं, हे वाक्य कोणत्या सिनेमातलं रे? तो म्हणाला, "असेल ना मावशी कुठल्यातरी. सगळ्यांना माहितेय." सगळ्यांना माहीत असलेल्या त्या नकलेत एकच गोष्ट नव्हती, आणि ती नेमकी आत्याला आठवत होती.

आमच्या गावच्या यात्रेत तंबू लागायचा. मधोमध आडवा पडदा, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला बाप्ये. पडदा एकच, त्यामुळे एका बाजूच्यांना चित्र उलटं दिसायचं. खाली बसायला घरून आणलेली पोती, घोंगडी. बाहेर जनरेटर धडधडायचा आणि त्याच्या रॉकेलच्या वासात आतला शेंगदाण्यांचा, घामाचा, तुडवलेल्या गवताचा वास मिसळायचा. रीळ बदलताना दिवा लागला की सगळ्या आयाबाया आपापली पोरं मोजून घ्यायच्या. त्या तंबूत मी पहिल्यांदा निळू फुल्यांना पाहिलं. 'एक गाव बारा भानगडी' 1968 सालचा, आमच्याकडे तो बऱ्याच वर्षांनी आला, रिळं झिजून पडद्यावर पाऊस पडत असताना. त्यांचा झेलेअण्णा पडद्यावर आला आणि बायकांच्या बाजूला एक लाट उठली. आजीने दोन्ही हातांची बोटं कानशिलाला लावून कडाकडा मोडली. "मुडदा बशिवला मेल्याचा," असं मागून कुणीतरी म्हणालं. आत्या तेव्हा नवी नवरी होती, माहेरपणाला आलेली. ती काहीच बोलली नाही. तिने फक्त पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. बाकीचा तंबू आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात, आत्याचा तो हात मात्र तसाच समोर दिसतो.

मी त्या रात्री घाबरले नव्हते. मला तो माणूस बघत राहावासा वाटत होता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण गावात ज्या माणसाचं नाव शिवीसारखं घेतात त्याच्यावरून नजर हटत नाही, हे सात-आठ वर्षांच्या मुलीने सांगायचं कुणाला? हिरो यायचा, लावणीला शिट्ट्या पडायच्या, सोंगाड्या हसवून जायचा, आणि मी वाट बघायची ती ह्या माणसाची. तो आला की पडद्यावरची बाकीची माणसं नाटकातली वाटायला लागायची. पुढे दर यात्रेत मी तेच करत राहिले. तंबूच्या बाहेर चिकटवलेल्या पोस्टरवर त्यांचा चेहरा कोपऱ्यात कुठे आहे का, ते आधी शोधायचं.

ह्या ओढीचं कारण मला पुढे कळलं, ते सिनेमामुळे नव्हे.

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. आम्ही ज्या गावी होतो तिथल्या शाळेला दोन खोल्या मंजूर झाल्या, भिंती उठल्या, बिलावर मुख्याध्यापक म्हणून वडिलांची सही हवी होती. जेवढं सिमेंट कागदावर होतं तेवढं भिंतीत नव्हतं. वडील सही करेनात. एका संध्याकाळी गावचे मोठे पुढारी घरी आले. नाव कशाला घ्यायचं, आता तेही नाहीत. पांढरंस्वच्छ धोतर, चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून काढलेल्या. मला जवळ बोलावून कितवीत आहेस विचारलं. आईने चहा दिला तर "वहिनी, साखर कमी टाकत जा, डॉक्टरनं सांगितलंय" म्हणाले. शेतीचं विचारलं, आजीच्या गुडघ्याचं विचारलं. खोल्यांचा विषय काढलाच नाही. उठताना फक्त म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला आम्ही काय सांगावं?" इतक्या मऊ आवाजात, की आईला वाटलं संकट टळलं. पुढच्या महिन्यात वडिलांच्या हातात बदलीचा कागद पडला, जावळीच्या खोऱ्यातल्या एकशिक्षकी शाळेचा. पावसाळ्यात तिथे एसटी जात नसे. आम्ही सातारला मामाकडे राहिलो आणि वडील तिकडे एकटे, चुलीवर भात करून खात. घरात कुणी आवाज चढवला नव्हता, दार आपटलं नव्हतं. कुणाला सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं.

'सामना' मी पाहिला तो दूरदर्शनवर, शनिवारचा मराठी चित्रपट म्हणून, शेजाऱ्यांच्या घरी. चित्रपट 1975 चा, बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आलेला, हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मला एवढंच कळलं की पडद्यावर तोच माणूस बसला आहे जो आमच्या घरी चहा पिऊन गेला होता. हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखाना त्याचा, माणसं त्याची, रस्त्यावरची धूळसुद्धा त्याला विचारून उडावी असा तो बसतो. दारूत बुडालेला मास्तर गावात येतो, हिंदुराव त्याला घरी ठेवून घेतो, पाजतो, त्याची सरबराई करतो. मास्तर विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? हे वाक्य महाराष्ट्रात म्हणीसारखं झालं आणि ते मास्तर झालेल्या डॉ. श्रीराम लागूंच्या तोंडचं, म्हणून लक्षात तेच राहिलं. मी मात्र प्रत्येक वेळी तो प्रश्न ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. प्रश्न पडल्यावर हिंदुराव दचकत नाही. तो आधी प्रश्न ऐकूच आला नाही असं करतो, मग ऐकू आल्याचं कौतुक केल्यासारखा हसतो, आणि त्या दोन्हींच्या मध्ये डोळ्यांत क्षणभर काहीतरी विझतं. तेवढंच. विजय तेंडुलकरांनी लिहिलं असेल, दिग्दर्शक जब्बार पटेलांनी चौकटीत बसवलं असेल, पण ते विझणं कुठल्या संहितेत लिहिता येत नाही.

वडील सुट्टीला आले होते. ते भिंतीला टेकून बसले होते, पूर्ण चित्रपटभर एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, कारण मला वाटत होतं त्यांनाही तेच दिसत असणार. संपल्यावर शेजारच्या काका-काकूंचे आभार मानून आम्ही अंगणात आलो, तेव्हा चपला घालताना ते स्वतःशीच म्हणाले, "ह्याला हे कसं ठाऊक?"

हा प्रश्न मी वडिलांकडून घेतला आणि जन्मभर सांभाळला. ह्याला हे कसं ठाऊक?

त्याचं थोडंफार उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडतं. निळूभाऊ पुण्याचे, राष्ट्र सेवा दलात वाढलेले. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत त्यांनी माळीकाम केलं. सेवा दलाच्या कलापथकातून ते उभे राहिले, आणि कलापथक म्हणजे गावोगाव हिंडणं, मिळेल तिथे मुक्काम, समोर बसलेल्या माणसांशी थेट बोलणं. तिथे नटाला लपायला जागा नसते. मग शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य आलं, त्याचे प्रयोगांवर प्रयोग झाले, आणि त्यातून सिनेमाकडे. म्हणजे ज्या पुढाऱ्यांना आपण नंतर पडद्यावर पाहिलं, त्यांना हा माणूस कितीतरी वर्षं व्यासपीठाच्या खालून बघत होता. बघणारा माणूस रागावलेला असेल तर त्याला व्यंगचित्र काढायचा मोह होतो. पोट सुटलेला, ढेकर देणारा, खदाखदा हसणारा पुढारी काढणं सोपं. निळूभाऊंनी तसा काढला नाही. त्यांनी त्या माणसाची सभ्यता दाखवली. त्यांचा पाटील पाहुण्याला आधी बसायला सांगतो.

त्यांचा आवाज आठवा. घोगरा, जाड, शब्दाच्या शेवटी थोडा ओढलेला, आणि जवळजवळ कायम खालच्या पट्टीत. गरिबाला ओरडावं लागतं, कारण त्याचं कुणी ऐकत नाही. ज्याचं सगळे ऐकतात तो कुजबुजला तरी चालतं, उलट तो जितका हळू बोलेल तितके समोरचे पुढे वाकतात. निळूभाऊंचं दृश्य लावून आजूबाजूच्या नटांची पाठ बघावी. ती वाकलेली असते. मग ते डोळे. मोठे, जरा बाहेर आलेले, आणि मान न वळवता बाजूला सरकणारे. समोरच्याकडे पूर्ण तोंड करून बघणं हे त्याला बरोबरीचा मानण्यासारखं झालं असतं, म्हणून नजर तिरकी. आणि हात. धोतराचा सोगा, टोपीची कड, पानाचा डबा, खुर्चीचा दांडा, यातलं काहीतरी सतत त्या हातात चाललेलं, सावकाश. घाई असलेला खलनायक मी त्यांच्याकडे पाहिलेला नाही. गावात सगळ्यांना घाई असते, पेरणीची, पाण्याच्या पाळीची, एसटीची. एकाच माणसाला नसते, आणि त्याला गाव ओळखून असतं.

'सखाराम बाइंडर' मला रंगमंचावर पाहायला मिळालं नाही, 1972 साली मी फारच लहान होते. पण ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलं आहे, आणि नाटक इतक्या वेळा वाचलं आहे, की वाचताना मला सखारामचं प्रत्येक वाक्य निळूभाऊंच्याच आवाजात ऐकू येतं. हिंदुराव सगळं झाकतो, सखाराम काहीच झाकत नाही. तो घरात आणलेल्या बाईला पहिल्या दिवशी आपले नियम ऐकवतो, शिव्या देतो, चिलीम ओढतो, मृदंग वाजवतो, आणि आपण कुणाला फसवत नाही याचा त्याला अभिमान आहे. एकाच नटाने तीन वर्षांच्या अंतराने ही दोन टोकं उभी केली. बाईवरची सत्ता उघडी असते तेव्हा कशी दिसते आणि इस्त्रीच्या कपड्यात कशी दिसते, हे त्यांनी आधी एक, मग दुसरं असं दाखवून ठेवलं. मला त्यांच्या सगळ्या कामात ही जोडी सर्वांत मोलाची वाटते.

आणि मग दिगू. मी पुण्यात वसतिगृहात राहायला आले त्या काळात एका चित्रपट मंडळाच्या खेळाला 'सिंहासन' पाहिला. लाकडी खुर्च्या, प्रोजेक्टरची घरघर, काळंपांढरं चित्र. मी हिंदुरावाची तयारी करून गेले होते. 1979 चा चित्रपट, राजकारणावरचा, निळू फुले असणार म्हणजे मुख्यमंत्री नाहीतर मंत्री असणार. तर अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, आणि निळूभाऊ पत्रकार दिगंबर टिपणीस. एक साधा माणूस, जो सगळ्यांच्या दारात जातो, सगळ्यांचं ऐकतो आणि निघून येतो. 'सामना'त लागू सत्तेला प्रश्न विचारत होते आणि निळूभाऊ सत्ता होते. इथे दोघांनी जागा बदलल्या होत्या. त्याच दिग्दर्शकाने, त्याच लेखकाच्या पटकथेवर, त्याच दोन नटांना टेबलाच्या उलट बाजूंना बसवलं होतं. आणि मला धक्का बसला तो त्या नजरेचा. तीच तिरकी नजर. हिंदुरावाकडे ती समोरच्याला जोखत होती. दिगूकडे तीच नजर आपल्याला जे दिसतंय ते दिसू नये म्हणून बाजूला सरकत होती. डोळे तेच, सरकण्याची दिशा तीच, आणि माणूस पार वेगळा. शेवटी सगळी उलथापालथ पाहून दिगूचं भान सुटतं आणि तो हसत सुटतो. त्या हसण्यात मला निळूभाऊंचं ओळखीचं घोगरं हसू कुठे सापडतंय का ते मी शोधत होते. सापडलं नाही. ते हसू त्यांनी कुठून आणलं होतं, मला माहीत नाही, पण त्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर मी बराच वेळ जागी होते. मला वडिलांची जावळीतली खोली आठवत होती. त्यांनी तिथे काय काय पाहिलं असेल आणि कुणाला सांगितलं नसेल, असं वाटत होतं.

इथपर्यंत लिहिलं की मन अडखळतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कारण 'सामना', 'सिंहासन' ही शिखरं. त्यांच्या पायथ्याशी असे कितीतरी चित्रपट पडले आहेत ज्यांत निळूभाऊंना फक्त एकच काम होतं. पाणवठ्यावर, मळ्यात, वाड्यात बाईला अडवायचं. त्यात हिंदुरावाचं राजकारण नाही, सखारामचा मोकळेपणा नाही. कॅमेरा आधी बाईवर रेंगाळतो, मग यांच्या डोळ्यांवर जातो, मग परत बाईवर. तिची भीती दाखवतो आहोत असं म्हणत प्रेक्षकाला तिच्याकडे बघायला लावणारे ते चित्रपट. मला ते बघवत नाहीत. दुपारी कुठल्यातरी वाहिनीवर लागलेले असतात, मी बदलते. तंबूतल्या अंधारात आत्याने पदर ओढला तो हिंदुरावामुळे नव्हे, ह्या चित्रपटांमुळे. ज्या माणसाने आपली मिळकत, वेळ, नाव चळवळींच्या पाठीशी उभं केलं, डॉ. लागूंबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे उभे केले, म्हणजे पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरात चूल पेटावी म्हणून, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात साथ दिली, त्याने हे का केलं असेल? पोट, हे एक उत्तर आहे आणि ते प्रामाणिक आहे. मराठी चित्रपटाने त्यांना दुसरं दिलं काय, हेही उत्तर आहे. मी दोन्ही मानते. तरी हळदीच्या मांडवातल्या त्या हशाचं मूळ ह्याच चित्रपटांत आहे, हे मला दिसतं. त्या चित्रपटांनी भीतीची सवय लावली, सवयीची नक्कल झाली आणि नकलेचा विनोद.

मला एवढं मात्र ठामपणे म्हणायचं आहे की त्या चित्रपटांतसुद्धा निळूभाऊंनी कधी त्या माणसाला रुबाबदार केलं नाही. पुढे खलनायकांना संवाद मिळाले, पोरं ते आरशासमोर म्हणायला लागली. निळूभाऊंचा सरपंच व्हावं असं कुणाला वाटलं नाही. आमच्या गावातल्या एकाही मुलाला मी लहानपणी तसं म्हणताना ऐकलं नाही. बायकांनी बोटं मोडली, ती त्यांनी मोडून घेतली. नटाला टाळी हवी असते, प्रेम हवं असतं. आयुष्यभर बायकांच्या शिव्या हीच आपल्या कामाची पावती मानायची, याला कसलं काळीज लागत असेल! 1991 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा वर्तमानपत्रातलं ते कात्रण वडिलांनी कापून डायरीत ठेवलं होतं. त्या डायरीत बाकी सगळी पगाराची आणि विम्याची नोंद असे.

हिंदी सिनेमाने त्यांना 'कुली'त घेतलं, आणखीही काही चित्रपटांत घेतलं, पण त्यांचं काय करायचं हे हिंदीला फारसं कळलं नाही, असं माझं मत आहे. अपवाद 1984 चा 'सारांश'. त्यातला गजानन चित्रे आठवून बघा. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात राहणाऱ्या मुलीवर त्याचा डोळा आहे, कारण तिच्या पोटात त्याच्या मुलाचं मूल आहे आणि ते त्याला नको आहे. शिवाजी पार्कच्या परिसरातली ती घरं, ती माणसं, आणि त्यात हा पुढारी. गावातला हिंदुराव शहरात आला की कसा बसेल, ते तिथे दिसतं. हिंदी प्रेक्षकांना तो नवा वाटला असेल. आम्ही त्याला ओळखून होतो.

13 जुलै 2009 ला पुण्यात ते गेले. कर्करोग होता. मी ऑफिसात होते, आईचा फोन आला. ती एरवी ऑफिसच्या वेळात फोन करत नसे. म्हणाली, "निळू फुले गेले गं. टीव्हीवर दाखवतायत." मग थोडं थांबून, "तुझे बाबा सकाळपासून टीव्हीसमोरून उठले नाहीत." संध्याकाळी मी घरी गेले. वडील तसेच खुर्चीत. वाहिनीवर तीच तीच दृश्यं फिरत होती, बहुतेक त्याच पायथ्याच्या चित्रपटांतली. वडील वैतागून म्हणाले, "सामना दाखवा की." जणू वाहिनीवाले ऐकत होते. आजी तेव्हा नव्हती. असती तर काय म्हणाली असती, कोण जाणे, पण शेजारच्या आजी येऊन बसल्या होत्या, आणि त्या म्हणाल्या, "किती तळतळाट दिला ह्या माणसाला आम्ही. आणि हा तर भला निघाला." वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "भला होता म्हणूनच जमलं त्याला." 'ह्याला हे कसं ठाऊक' याचं त्यांच्यापुरतं उत्तर बहुतेक त्यांना तेव्हा मिळालं होतं. मला अजून पूर्ण पटलेलं नाही. भली माणसं पुष्कळ असतात, ती वाईटाकडे बघत नाहीत, बघवत नाही म्हणून मान वळवतात. निळूभाऊ बघत राहिले. इतकं जवळून, की त्याचा श्वास, त्याची साखर कमी घालायची सवय, त्याचा मऊपणा, सगळं त्यांच्या अंगात उतरलं आणि तरी ते स्वतः त्यातले झाले नाहीत. याला भलेपणापेक्षा जास्त काहीतरी लागतं. धैर्य म्हणावं तर तो शब्द लढाईतला वाटतो.

हळदीहून आल्यावर मी माझ्या मुलीला 'सामना' दाखवला. ती सत्तावीस वर्षांची आहे, हिंजवडीत एका कंपनीत काम करते. जुने मराठी चित्रपट म्हणजे तिच्या मते फेटे आणि आरडाओरडा. अर्धा तास ती मोबाईल हातात घेऊन बसली होती. मग तिने मोबाईल उलटा ठेवला. एका ठिकाणी तिने चित्रपट थांबवला, मागे नेला, पुन्हा पाहिला. हिंदुराव मास्तरशी बोलतो आहे, काही विशेष घडत नाही असं दृश्य. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "आई, हा ओरडत का नाही?"

मग चित्रपट बाजूला राहिला आणि ती बोलायला लागली. तिच्या कामावर एक वरिष्ठ आहेत. घरचं विचारतात, कॉफी घेतलीस का विचारतात, कुणासमोर कधी वाकडा शब्द नाही. आणि गेल्या काही महिन्यांपासून तिची कामं एकेक करून काढून घेतली जात आहेत, कारण एका रविवारी त्यांनी बोलावलं तिथे ती गेली नाही. मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पण ते बोलले काय नेमकं? नेमकं असं काहीच नाही. तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की आपणच काहीतरी डोक्यात घेतलंय. मी तिला आजोबांची गोष्ट सांगितली, दोन खोल्यांची, सिमेंटची, बदलीची. ती तिला माहीतच नव्हती. वडिलांनी ती कधी सांगितली नाही आणि मीही सांगायचं राहून गेलं होतं.

कंपनीच्या तक्रार समितीकडे द्यायचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून लिहिला. तारखा तिने आठवून आठवून काढल्या, मेल शोधले, मी वाक्यं सरळ केली. त्यात तिने एक ओळ घातली, "माझ्याशी बोलताना त्यांनी कधीही आवाज चढवला नाही." मी म्हटलं, अगं, हे काढ, हे त्यांच्या बाजूचं वाटेल. ती म्हणाली, नाही, हे राहू दे. आमचा थोडा वाद झाला. शेवटी ती ओळ राहिली.

अर्ज गेला आहे, उत्तर यायचं आहे. ह्या शनिवारी ती घरी आहे, 'सिंहासन' लावणार आहोत. तिने तिच्या दोन मैत्रिणींनाही बोलावलं आहे.